रिसबूडसरांची नदी

विजयकुमार रिसबूड मासे खात नसत. त्यांच्या घरात मासा शिजणं सोडाच, फ्रीजमध्ये ठेवायलाही विभावरीकाकूंची परवानगी नव्हती. तरी फुजैराच्या आमच्या बिल्डिंगमधून दर शुक्रवारी पहाटे मासे धरायला जाणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे रिसबूडसर. धरलेला मासा ते परत पाण्यात सोडून देत.

मी १९९६ साली डोंबिवलीहून अमिरातीतल्या फुजैराला आलो तो त्यांच्या हाताखाली. बंदराबाहेर समुद्रात जहाजं नांगर टाकून उभी असायची. आम्ही लाँचने तिथपर्यंत जायचो, दोरीच्या शिडीने वर चढायचो, आणि टाक्यांमध्ये पितळी वजन लावलेली टेप सोडून तेल किती आहे ते मोजायचो. आम्ही लिहिलेला आकडा विकणारा आणि घेणारा दोघंही मानत. कंपनी आमची छोटी, सर्व्हे करणारी. सर तिथे सत्त्याऐंशीपासून होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "निनाद, टेप खोटं बोलत नाही. आपण तिच्या मध्ये बोलायचं नाही, बस." मी मान डोलावली. सव्वीस वर्षांचा होतो, कुठल्याही गोष्टीला मान डोलवायचो.

सर मूळचे पुण्याचे. पहिली नोकरी त्यांनी केली ती हिमाचलमध्ये, कुलूच्या बाजूला एका धरणाच्या कामावर. तिथे मत्स्यखात्यात किसनचंद नावाचा एक रखवालदार होता. त्या भागातल्या नद्यांत इंग्रजांनी आणून सोडलेले ट्राउट मासे वाढले होते, आणि चोरून कोणी जाळं टाकू नये म्हणून किसनचंद काठाने फिरायचा. त्याने सरांना फ्लाय फिशिंग शिकवलं. गळाला आमिष म्हणून किडा लावायचा नाही. कोंबड्याचं पीस आणि रेशमाचा दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, आणि ती जड दोरीच्या टोकाला बांधून अशी फेकायची की खरी माशी पाण्यावर उतरली असं माशाला वाटावं. तीर्थन नावाची नदी तिथे आहे. सप्टेंबर सरता सरता पाऊस थांबतो, गढूळ पाणी आधी हिरवं होतं, मग काचेसारखं. तळातला गोटा न् गोटा दिसतो. हे सगळं सर मला इतक्या वेळा सांगत की तीर्थन मी पाहिली नाही हे मी विसरूनच गेलो होतो.

फुजैरात नदी कुठली? वाद्या, म्हणजे कोरड्या ओढ्यांची पात्रं आहेत, पण त्यात दगडच. सरांनी मग खोर कल्बा शोधून काढली. शहराच्या दक्षिणेला पंधरा मिनिटांवर ती खाडी होती, दोन्ही काठांना तिवरांचं दाट जंगल, आणि भरती-ओहोटीला पाणी असं वाहायचं की समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं तर नदीच वाटावी. "मीठ सोडलं तर काय कमी आहे?" सर म्हणत. तिथे बोय होते, तांबोशी होती. ट्राउटची माशी तांबोशीला काय कळणार, म्हणून सर बकरीच्या पांढऱ्या केसांची बोटभर लांब खोटी मासळी बांधत. बकरी यूनुसची.

यूनुस हा कल्ब्याचा म्हातारा कोळी. बलुची, पण जन्म तिथलाच. हिंदी फर्डी बोलायचा. त्याचा जाळ्यांचा आणि तारेच्या पिंजऱ्यांचा धंदा होता, खाडीच्या तोंडाशी छोटी होडी होती. सर मासा धरून सोडतात हे पाहून तो पहिल्यांदा इतका हसला होता म्हणे, की खोकल्याची उबळ आली. "पकड़ के छोड़ देता है! हबीबी, अल्ला ने दिया, तू वापस कर देता है?" पुढे सात-आठ वर्षं दर शुक्रवारी दोघं खजूर आणि कडू कॉफी घेऊन काठावर बसत. उन्हाळ्याचे चार महिने मात्र सर जात नसत. सप्टेंबर जवळ आला की ते अस्वस्थ होत. ऑगस्टच्या शेवटी सुहैलचा तारा पहाटे दक्षिणेला दिसू लागला की तिथले लोक म्हणतात, आता उष्मा मोडणार. यूनुसचा फोन यायचा, "सुहैल निकल आया." सर आम्हाला सांगायचे, "अरे, तो आपला अगस्त्यच." त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना चहा त्यांचा.

मैथिली ही त्यांची एकुलती मुलगी. तिचा जन्म फुजैरातलाच. आठव्या वर्षी ती बापाबरोबर खाडीवर जायला लागली, आणि अकराव्या वर्षी त्यांच्यापेक्षा चांगली दोरी फेकायला लागली. मी दोन-तीनदा गेलो होतो बघायला. गुडघाभर पाण्यात ती बारकी पोर, आणि तिच्या डोक्यावरून दोरी मागे जायची, हवेत सरळ व्हायची, मग पुढे.

"मागे पूर्ण उलगडू दे. घाई नको," सर म्हणायचे.

"आय नो, बाबा. यू से इट एव्हरी टाइम."

एरवी ऑफिसात गप्प असणारा तो माणूस तिथे मोठमोठ्याने हसायचा.

मैथिली बारा वर्षांची झाली की तिला तीर्थनवर न्यायचं हे ठरलेलं होतं. ते वर्ष आलं, २०००. सरांनी जानेवारीतच रजा मागितली, सप्टेंबरअखेरची. दुबईहून दिल्लीची तिकिटं काढली. किसनचंदला पत्र लिहिलं, त्याच्या नातवाने उत्तर पाठवलं की आजोबांना आता फारसं दिसत नाही, पण जरूर या. सरांनी दुबईहून तिच्यासाठी नवीन रीळ आणलं, सहाशे दिरहमचं. काकू म्हणाल्या, "म्हणजे जवळजवळ साडेसात हजार रुपये! माश्या मारायला?" आणि हसल्या. जेवणाच्या टेबलावर महिनाभर पिसं आणि दोरे पसरलेले असायचे.

शनिवारी निघायचं होतं. त्याच्या आधीच्या सोमवारी ही गोष्ट घडली.

एक छोटा टँकर मोजणीसाठी आमच्याकडे होता. रविवारी दुपारी सर आणि मी चढून सगळ्या टाक्या मोजल्या. त्यात एक टाकी स्लॉपची, म्हणजे टाक्या धुतल्यावर उरलेलं तेलकट घाण पाणी जिच्यात साठवतात ती. तिच्यात एकशे चाळीस टन होते. सोमवारी उजाडताना माल उतरवून झाल्यावर आम्ही पुन्हा मोजायला गेलो. सर टेप सोडत होते, मी आकडे लिहीत होतो. स्लॉपच्या टाकीत टेप खाली गेली ती तळाला टेकली. टाकी रिकामी होती.

सरांनी टेप वर घेतली, पुसली, पुन्हा सोडली. तेच.

"दुसऱ्या टाकीत घेतलं," कप्तान म्हणाला. सरांनी जहाजावरची एकेक टाकी उघडून मोजली. दोन तास गेले. कुठेही एकशे चाळीस टन नव्हते. रात्रभरात ते जाण्याची जागा एकच होती. कठड्याशी उभं राहिलो तर जहाजाच्या मागे पाण्यावर तपकिरी पट्टा दिसत होता, दक्षिणेकडे लांबवर गेलेला.

सरांनी जहाजावरूनच आमच्या मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर वासुदेव कर्णिक, मुंबईचा. आमचा गणपती त्याच्याच घरी बसायचा; पंधरा दिवसांपूर्वी आम्ही सगळ्यांनी तिथे मोदक खाल्ले होते. मी सरांच्या शेजारीच होतो. कर्णिकचा आवाज मला ऐकू येत होता.

"रिसबूड, आपल्याला पैसे कशाचे मिळतात? कार्गोचे. स्लॉप आपल्या स्कोपमध्ये नाही. ती ओळ रिकामी सोडा."

"काल लिहिली आहे मी ती ओळ."

"कालचा कागद माझ्याकडे आहे. नवीन बनवतो. हे बघा, तुम्ही लिहिलंत तर इन्क्वायरी होणार. इन्क्वायरी संपेपर्यंत तुम्हाला देश सोडता येणार नाही. शनिवारची फ्लाइट आहे ना तुमची?" मग तो म्हणाला, "पासपोर्ट ऑफिसातच आहेत तुमचे. बुधवारी येऊन तिघांचे घेऊन जा."

त्या काळी बहुतेक ठिकाणी पासपोर्ट कंपनीच ठेवून घ्यायची. कोणाला त्यात वावगं वाटत नसे.

सरांनी फोन ठेवला. ते त्या तपकिरी पट्ट्याकडे वळले. मग मला म्हणाले, "वारा कुठला आहे?"

"जमिनीवरून आहे सर. बाहेर जाईल सगळं."

मला वाऱ्यातलं काही कळत नव्हतं. त्यांना हवं ते उत्तर मी दिलं. सरांनी कागद घेतला, स्लॉपची ओळ रिकामी सोडली आणि सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली.

बुधवारी त्यांनी पासपोर्ट आणले. गुरुवारी वारा फिरला.

शुक्रवारी पहाटे ते मैथिलीला घेऊन शेवटच्या सरावाला खाडीवर गेले. मला मुद्दाम बोलावलं होतं, फोटो काढायला. हवेत पहिल्यांदाच किंचित गारवा होता. गाडीतून उतरल्याबरोबर वास आला. मैथिली पुढे पळाली आणि काठावर थबकली.

तिवरांची मुळं पाण्यातून बोटांसारखी वर येतात. ती सगळी काळी झाली होती. भरतीने तेल पार आतपर्यंत नेलं होतं आणि ओहोटी लागल्यावर ते चिखलावर बसलं होतं. बोय पोट वर करून पडले होते, शेकड्यांनी. एक बगळा चिखलात उभा होता, पंख उघडायला बघत होता, पण ते उघडत नव्हते. मैथिली बूट न काढताच आत शिरली. बगळ्याला धरायला गेली तर तो तिच्यापासून लांब जाण्यासाठी आणखी तेलात गेला.

"बाबा, डू समथिंग! बाबा!"

सर जागचे हलले नाहीत.

यूनुस खाडीच्या तोंडाशी होता. त्याचं जाळं रात्रभर पाण्यात होतं, ते तो वर ओढत होता. डांबरात बुडवून काढावं तसं दिसत होतं. पुरुषभर लांबीचा तुकडा वर आला की तो थांबायचा, मग पुढचा ओढायचा. आम्हाला बघून तो चालत आला. हात कोपरापर्यंत काळे. तो रागावलेला नव्हता. थकलेला होता.

"साब, तुम तो जहाज़ों पे जाते हो," तो म्हणाला. "किसका है ये? नाम बताओ, मैं बलदिया में जाता हूँ. अभी जाता हूँ." बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका.

मी सरांकडे बघितलं. मैथिलीही बघत होती, गुडघ्यापर्यंत काळी झालेली.

"मालूम नहीं, यूनुस," सर म्हणाले.

यूनुसने मान हलवली. "इन्शाल्ला मालूम पड़ेगा," म्हणाला, आणि जाळ्याकडे परत गेला.

परत येताना मी मागच्या सीटवर होतो. गाडीत तेलाचा वास भरला होता. अर्ध्या रस्त्यात सरांनी गाडी कडेला घेतली आणि मैथिलीला सगळं सांगितलं. टाकी, टेप, कर्णिकचा फोन, पासपोर्ट. त्यांनी काही लपवलं नाही. फक्त वाऱ्याबद्दल मी काय बोललो ते त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.

मैथिली ऐकत होती. मग म्हणाली, "सो गो बॅक अँड टेल हिम."

"परत आलो की सांगतो, बाळा. उद्या आपल्याला निघायचंय. आत्ता सांगितलं तर निघताच येणार नाही."

"फॉर फिशिंग?" ती म्हणाली. "यू डिड धिस फॉर फिशिंग?"

सरांनी गाडी पुन्हा सुरू केली. ती पुढे म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टू गो." रडली नाही, ओरडली नाही. घरी गेल्यावर तिने दोन तास पाय घासले, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. तेल निघेना, शेवटी काकूंनी खोबरेल लावून काढलं.

शनिवारी सर एकटेच गेले. काकूंनीच पाठवलं. म्हणाल्या, "इथे तुम्ही तिच्यासमोर बसून राहू नका." मला वाटतं, त्यांनाही ते समोर नको होते.

तीर्थनवर काय झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पाणी तसंच होतं, काचेसारखं. किसनचंद काठावर घोंगडी पांघरून बसला होता, त्याला दिसत नव्हतं, पण दोरीच्या आवाजावरून तो सांगायचा, "साब, हाथ भारी हो गया आपका." तिसऱ्या फेकीला मासा लागला. तपकिरी, अंगावर तांबडे ठिपके, हातभर. सरांनी तो पाण्यातच धरला, गळ काढला. "निनाद, पंचवीस वर्षं मी त्या क्षणाची वाट बघितली होती," ते म्हणाले. "आणि तो मासा हातात असताना मला काय आठवत होतं, तर स्लॉपच्या टाकीतली टेप." त्यांनी मासा सोडला आणि पुन्हा दोरी फेकली नाही. उरलेले सहा दिवस जवळच्या बंजार गावातल्या रेस्ट हाउसमध्ये ते खोलीत पडून होते. किसनचंदचा नातू जेवण आणून द्यायचा.

ऑक्टोबरमध्ये परत आल्याआल्या त्यांनी बंदराच्या कचेरीत लेखी कळवलं. मला आधी सांगितलं, "तुझं नाव घेणार नाही." मी मान डोलावली. नको म्हणालो असतो, माझंही नाव घ्या म्हणालो असतो, तर कदाचित दोन माणसांचं ऐकलं गेलं असतं. माझं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. अस्मिताच्या व्हिसाचे कागद कर्णिककडे होते.

तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना बसवून चहा दिला, सगळं शांतपणे ऐकलं, आणि फाइलमधून सोमवारचा कागद काढून पुढे ठेवला. "मिस्टर विजय, ही सही तुमची?" रविवारचा नवीन बनवलेला कागदही तिथे होता, त्यावरही स्लॉपची ओळ रिकामी. ती सही सरांची नव्हती, पण हुबेहूब होती. "तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत की आता लिहिताय?" अधिकाऱ्याने विचारलं. तो उद्धट नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. टँकर तोपर्यंत कुठल्या कुठे गेला होता.

त्याच आठवड्यात सरांचा व्हिसा रद्द झाला. देश सोडायला तीस दिवस. कर्णिकने त्यांना ऑफिसात बोलावलंसुद्धा नाही, कंपनीची व्हिसाची कामं बघणारा पीआरओ शौकत घरी येऊन कागद देऊन गेला. देताना त्याने मान खाली घातली होती.

जायच्या आधी सर यूनुसकडे गेले. मी गाडी चालवत होतो. सरांची गाडी विकली होती. यूनुस घरासमोर बसून पिंजऱ्याची तार वळत होता. होडी वाळूत उलटी पडली होती. खाडीत काही मिळत नव्हतं म्हणून तो महिनाभर दुसऱ्याच्या होडीवर मजुरीने जात होता. सरांनी उभ्याउभ्याच सांगितलं. जहाजाचं नाव सांगितलं, आपल्या सहीचं सांगितलं.

यूनुसचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मैंने बेटी के सामने पूछा था. उसी दिन उसके सामने बताते."

"हाँ," सर म्हणाले.

"अब जाओ, साब."

कॉफी विचारली नाही. आम्ही निघालो. गाडीत सर खिडकीतून बाहेर बघत होते, आणि मला वाटलं ते रडतील, पण तसं काही झालं नाही. बिल्डिंगखाली उतरताना त्यांनी मला नेहमीसारखं थँक्यू म्हटलं.

त्यांची जागा जानेवारीत मला मिळाली.

पुण्यात त्यांना पन्नाशीत नोकरी कोण देणार? चिंचवडला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणून चिकटले, ठेक्यावर. २००३ साली मी सुटीवर गेलो होतो तेव्हा भेटायला गेलो. दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला. काकूंनी पोहे केले. सर बारीक झाले होते, दाढीचे खुंट पांढरे. त्यांनी माझ्या मुलाची चौकशी केली, त्याचं नाव विचारलं. मी शार्दूल म्हणालो. छान आहे म्हणाले.

मैथिली दहावीला होती. आतल्या खोलीतून आली, "हॅलो निनादकाका" म्हणाली, पाणी ठेवून गेली. सरांनी तिला काहीतरी विचारलं, क्लास किती वाजता आहे असं. तिने वेळ सांगितली. एखादी पेइंग गेस्ट मुलगी घरमालकाशी बोलेल तसं, नीट, आदराने. ती बाहेर पडल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "तीन वर्षं असंच आहे. भांडत नाही हो. भांडली असती तरी बरं होतं."

सर म्हणाले, "राहू दे, विभा."

निघताना ते जिन्यापर्यंत सोडायला आले. तिथे त्यांनी मला विचारलं, "आता शेवटची सही कोण करतं?"

"मीच, सर."

"स्लॉपची ओळ भरतोस ना?"

"भरतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घरात गेले. त्या वर्षात मी ती ओळ दोनदा रिकामी सोडली होती. परत गेल्यावर आणखी एकदा सोडली. पुढे मी ते काम सोडून शारजाला अल नहदात राहायला आलो आणि आता एका गोदामाचा हिशेब बघतो. रिसबूडसर २००५च्या सप्टेंबरात गेले, हार्ट अटॅकने, कारखान्यातच. काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. मैथिली बेंगळुरूला शिकत होती, ती पोचेपर्यंत त्यांना ठेवलं होतं असं त्या म्हणाल्या. ती काही बोलली का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.